‘शोले’च्या दोन डीव्हीडी, एक टाइमलाइन

संकलनाच्या वर्गात ‘शोले’ घेतला की मी बोलायला सुरुवात करतो ती एम. एस. शिंदे यांच्यापासून. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, आणि ते शिंद्यांच्या संकलनाला. मुलांना हे ठाऊक नसतं. त्यांना संवाद पाठ असतात.

या वेळी नुसती निवडक दृश्यं दाखवायची नाहीत असं ठरवलं. डीव्हीडीवर या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या निघाल्या होत्या. एक 204 मिनिटांची, सेन्सॉरच्या आधीचा मूळ शेवट असलेली, पण चौकोनी चित्राची. दुसरी 198 मिनिटांची, रुंद चित्राची, पण तिच्यात चित्रपटगृहात लागलेला पोलिसांचा शेवट. दोन्ही संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या एकाच टाइमलाइनवर, म्हणजे वेळेच्या पट्टीवर, एकाखाली एक लावल्या.

सकाळ जुळवाजुळवीत गेली. वेष्टनावरच्या मिनिटांवर कधीच विसंबू नये. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम्सनी चालतो, पाल या टीव्ही-प्रसारण पद्धतीचा व्हिडिओ 25 नी. तेवढ्यानं 204 मिनिटांचा सिनेमा 196 मिनिटांत संपतो, तोही एक फ्रेम न कापता. म्हणून आधी दोन्हींचा वेग तपासायचा, आणि मगच कापाकापीवर बोलायचं.

दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी सुरू झाली तशी एक मुलगी म्हणाली, “सर, चौकोनी प्रतीत वर-खाली जास्त दिसतंय. मग तीच चांगली ना?”

प्रश्न रास्त होता. ‘शोले’चं चित्रीकरण 35 मिमीवर झालं आणि नंतर ते 70 मिमीवर मोठं केलं गेलं. मूळ नेगेटिव्हवर वर-खाली जादा चित्र आहे, पण पडद्यावर ते यायचं नव्हतंच. मी तिला गब्बर ठाकूरच्या घरी येतो तो प्रसंग लावायला सांगितला. झोपाळ्याची कुरकुर, गोळी, कोसळणारा माणूस, आणि तिथेच गोठलेलं चित्र. असं एकामागून एक. शेवटी उरतं लहान मूल. त्याला गोळी लागलेली शिंदे दाखवत नाहीत, कट थेट रेल्वेवर जातो. दोन्ही प्रतींत कट तेच. पण रुंद चौकटीत माणसं कोंडल्यासारखी वाटतात, चौकोनी चित्रात त्यांच्या डोक्यावर मोकळी जागा उरते आणि गोठलेल्या चित्राची धार बोथट होते. ज्या आकारासाठी कट बसवला, तो आकार बदलला की कटही सैलावतो. हे मी वर्षानुवर्षं तोंडी सांगत आलोय. त्या दिवशी ते मुलांना डोळ्यांनी दिसलं.

दुपारनंतर शेवट लावला. हाणामारीपर्यंत दोन्ही प्रती बहुतांशी हातात हात घालून चालतात, मग वाटा फुटतात. एकीत पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि ठाकूर थांबतो. दुसरीत तो थांबत नाही. गब्बरला खांबातून बाहेर आलेल्या अणकुचीदार सळईवर ढकलून मारतो, आणि त्यानंतर ढसाढसा रडतो. जून 1975 मध्ये आणीबाणी आली, 15 ऑगस्टला चित्रपट लागला. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही, आणि शेवट नव्यानं चित्रित करावा लागला. मला विचाराल तर खुनापेक्षाही त्या रडण्याचं नुकसान मोठं. संजीव कुमार यांनी सबंध चित्रपटभर आवळून धरलेलं तिथे सुटतं. पोलिसांच्या शेवटात त्याला वाटच मिळत नाही.

म्हणजे वर्षानुवर्षं घरी पाहणाऱ्याला निवड करावी लागत होती. चौकट खरी हवी तर शेवट बदललेला, शेवट खरा हवा तर चौकट चुकीची.

ही कोंडी सुटली ती जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं निर्मात्या सिप्पी फिल्म्सबरोबर केलेल्या 4के (अतिस्पष्ट डिजिटल) पुनरुज्जीवनात. 27 जून 2025 रोजी इटलीतल्या बोलोन्यात ती प्रत उघड्या चौकात दाखवली गेली. मूळ नेगेटिव्ह पार खराब झालेलं, 70 मिमीची एकही प्रत उरलेली नाही; ब्रिटनमधल्या गोदामात जपलेल्या फिल्मवरून मूळ शेवट परत मिळाला. चौकटही 70 मिमीची, 2.2:1, म्हणजे उंचीच्या 2.2 पट रुंद.

पुढच्या तुकडीला मी ती दाखवणार आहेच. पण 198 मिनिटांची डीव्हीडी वर्गातून काढणार नाही. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षं लोकांनी रांगा लावल्या त्या पोलिसांच्या शेवटासाठीच, आणि शिंद्यांना पारितोषिक मिळालं तेही त्याच प्रतीसाठी.