तुम्ही विचारलंत म्हणून: मुलींच्या वर्गात खोड्या कोण काढायचं?

मी दहावीपर्यंत नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत शिकले हे कळले, की माणसे हमखास एक प्रश्न विचारतात. कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी विचारला, सासरच्या मंडळींनी विचारला आणि परवा माझ्या भाचीनेही विचारला, "मावशी, वर्गात मुलगे नव्हते, तर खोड्या कोण काढायचं?" विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन वेण्या घालून आणि हाताची घडी करून बसलेल्या साठ मुलींचा शांत वर्ग असतो. आमच्या आवाजाने हैराण झालेल्या शेजारच्या तुकडीच्या बाई आठवड्यातून तीनदा आमच्या दारात येऊन उभ्या राहत, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून एकदाचे सविस्तर उत्तर लिहिते आहे.

खोडकरपणा हे वर्गातले एक पद असते आणि ते कधी रिकामे राहत नाही. मुलामुलींच्या एकत्र शाळेत ते बहुधा मुलग्यांकडे जाते आणि मुलींच्या वाट्याला तोंडावर हात ठेवून हसण्याचे काम येते. आमच्याकडे शेवटच्या बाकावर बसणारी, बाईंच्या चालण्याची नक्कल करणारी, मधल्या सुट्टीआधीच शेजारणीचा डबा संपवणारी आणि पकडले गेल्यावर चेहरा भाबडा ठेवणारी, या सगळ्या मुलीच होत्या. घरी माझ्या भावाने 'बे' म्हटले तर कोणी मान वर करत नसे, पण मी म्हटले की आजी म्हणायची, "पोरीच्या जातीनं बे म्हणू नाही." शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर मात्र सगळे 'बे' आमच्याच मालकीचे होते, आणि "काय करून राहिली बे?" या वाक्यात जो जिव्हाळा आहे तो मला अजून कुठल्याही शुद्ध वाक्यात सापडलेला नाही.

नाटकातल्या भूमिकांचेही तसेच होते. एके काळी बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूंवर अवघा महाराष्ट्र लुब्ध होता. आम्ही त्याच परंपरेची उलटी बाजू काजळाच्या मिशा काढून चालवली. आठवीच्या स्नेहसंमेलनात आम्ही प्रतापगडाचा प्रसंग बसवला. खानाचे काम वर्गातल्या सर्वांत उंच मुलीकडे आले आणि तिच्या पोटावर तिच्याच घरची जुनी उशी बांधण्यात आली. महाराजांनी पुठ्ठ्याची वाघनखे चालवली तेव्हा उशीची शिवण उसवली आणि सेमलीचा कापूस भसाभसा बाहेर आला. खानाचा कोथळा इतक्या तंतोतंत बाहेर पडलेला प्रेक्षकांनी पूर्वी कधी पाहिला नसेल. खान नियमाप्रमाणे धारातीर्थी पडला, पण कापूस नाकात गेल्यामुळे मेल्यानंतर सलग चार वेळा शिंकला. प्रत्येक शिंकेबरोबर कापसाचा एक पुंजका उडत होता, महाराज पाठ फिरवून हसत होते, आणि पडदा ओढणारी मुलगी दोरीसकट खाली बसली होती. त्या दिवसापासून खानाला कोणी तिच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारली नाही. आज ती एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि आम्ही अजूनही फोनवर "खानसाहेब आहेत का?" असेच विचारतो.

टोपणनावांची आमच्याकडे रेलचेल होती. चटकन भडकणारी ती तर्री. डिसेंबरात स्वेटर, त्यावर शाल आणि त्यावर कानटोपी अशी आवरणात सारण गुंडाळलेल्या वडीसारखी गुंडाळून येणारी ती सांबारवडी. शेंगेसारख्या शिडशिडीत बांध्याची ती फल्ली. रिबिनी एकमेकींना बांधण्याची खोडी तर इतकी जुनी, की तिच्याबद्दल लिहूही नये, पण एकदा भूगोलाच्या बाईंनी तर्रीला उभे केले तेव्हा तिच्या वेणीला बांधलेली फल्लीही उठली, आणि "तुला कोणी विचारलं?" असे बाईंनी दरडावल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाई, मी हिच्या पाठिंब्याला उभी आहे." एवढे सांगून पुढे जाते.

प्रश्न विचारणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय हे चित्र फारच गोड होईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत या नावांचे दोन मोठे स्त्री-पुतळे, त्यांच्या मागे वर्षभराच्या गैरकारभाराची टर उडवणारे पुतळे, म्हणजे बडगे, आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" हा घोष, हे सगळे आमच्या रक्तातच आहे. आम्ही नववीत होतो. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा एक सावळी मुलगी दारातून आत येत होती, आणि मी मोठ्याने म्हणाले, "आली पाहा काळी मारबत!" वर्ग हसला. तीही हसली. पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही, आणि तापबीप आला असेल अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. मला तेव्हा आपण फार विनोदी आहोत असे वाटत असे.

तिसऱ्या दिवशी ती आली, ती एक बडगा घेऊन. वर्तमानपत्राचे अंग, झाडूच्या काड्यांचे हात, माझ्यासारखा जाड भिंगांचा पुठ्ठ्याचा चष्मा आणि तोंडातून गुडघ्यापर्यंत लोंबणारी लाल कागदाची जीभ. मधल्या सुट्टीत तिने तो मैदानाला फेरी घालून मिरवला आणि "फाजील जीभ घेऊन जा गे मारबत" असा घोष केला. पहिल्या फेरीत ती एकटी होती, दुसऱ्या फेरीत निम्मा वर्ग तिच्या मागे होता. तिसऱ्या फेरीत मीही सामील झाले, कारण एकटीने झाडाखाली उभे राहणे असह्य झाले होते. माझ्याच जिभेच्या नावाने मीच घोष करते आहे हे पाहून ती थांबली, बडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "धर, जड झाला." मी माफी मागितली ती बऱ्याच दिवसांनी, पाणी भरताना, तेही तिच्याकडे न पाहता. ती तेव्हा "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये किती क्षमा होती, हे विचारण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

या प्रकरणाचा निकाल डिसेंबरात लागला, आणि तो विधिमंडळाच्या मार्गाने लागला. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातले एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे ठरले होते, त्यामुळे डिसेंबरची थंडी आणि सरकार हे दोन्ही आमच्याकडे एकदमच येतात. मोर्च्यांनी रस्ते अडत, घरोघरी वर्तमानपत्रांतली कामकाजाची भाषा मोठ्याने वाचली जाई, आणि तीच भाषा घेऊन आम्ही रिकाम्या तासाला आमचे अधिवेशन भरवले. वर्गप्रमुख अध्यक्ष झाली, लाकडी फूटपट्टी राजदंड झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच खानसाहेबांनी ती पळवली. बडगेवालीने विधेयक मांडले, की ज्या सदस्येला टोपणनाव द्यायचे तिची संमती असल्याशिवाय ते वापरात आणू नये. तर्रीने स्वतःच्या नावाला तिथल्या तिथे संमती दिली, फल्लीने विचार करायला दोन दिवस मागितले, आणि मी विधेयकाला अनुमोदन दिले. ते एकमताने मंजूर झाले आणि माझ्या माहितीप्रमाणे दहावीपर्यंत पाळलेही गेले.

त्यानंतर लक्षवेधी आली. त्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळे पुण्याची एक मुलगी आमच्या वर्गात दाखल झाली होती. पहिल्याच आठवड्यात तिला कोणीतरी "आलूची भाजी आहे, वरून सांबार टाकला आहे" असे सांगून डबा पुढे केला आणि ती बिचारी बराच वेळ त्या कोरड्या भाजीत डाळ शोधत राहिली. कोथिंबिरीला सांबार म्हटल्यामुळे नवागत सदस्यांच्या भोजनात निर्माण झालेल्या गंभीर गोंधळाकडे तिने सभागृहाचे लक्ष वेधले. अन्न व नागरी पुरवठा खाते सांबारवडीकडे होते, आणि त्या नावामुळे तिचे हितसंबंध गुंतलेले आहेत असा औचित्याचा मुद्दा लगेच उपस्थित झाला; तो फेटाळण्यात आला. मंत्रिमहोदयांनी कानटोपी सारखी करत उत्तर दिले, "पुण्यात ज्याला सांबार म्हणतात, त्यातही शेवटी वरून सांबारच टाकतात. सबब, प्रश्न उद्भवत नाही."

या उत्तराच्या निषेधार्थ पुण्याच्या सदस्येने एकटीने सभात्याग केला आणि व्हरांड्यात थेट मुख्याध्यापिकाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. वर्गाबाहेर काय करते आहेस, या प्रश्नाला तिने "सभात्याग केला आहे, बाई" असे खरे उत्तर दिले. बाई तिला घेऊन आत आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी प्रेक्षक गॅलरीत आहे. चालू द्या." साठ जणींपैकी एकीच्याही तोंडातून शब्द फुटेना. अखेर अध्यक्षांनी चाचरत सांबाराच्या प्रश्नावरील निर्णय राखून ठेवल्याचे जाहीर केले आणि कामकाज तहकूब झाले.

आम्ही बावीस-तेवीस जणी अजूनही दर डिसेंबरात कोणा एकीच्या घरी जमतो. मोर्च्यांमुळे सगळ्यांनाच उशीर होतो आणि शेवटी येणारीला राजदंड पळवल्याचा दंड म्हणून सगळ्यांना गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खिलवावे लागते. गेल्या वर्षी बैठक बडगेवालीकडे होती. पुण्याच्या सदस्येने, जी लग्न करून नागपुरातच स्थायिक झाली आहे, तिच्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारले, "अगं, सांबार कुठे ठेवला आहेस?" क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. अध्यक्षांनी चष्मा नाकावर ढकलला आणि माननीय सदस्येचे विधान कामकाजातून काढून टाकण्यास नकार दिला. मूळ प्रश्नावरील निर्णय मात्र त्यांनी याही वर्षी राखूनच ठेवला आहे.