प्रेस-कॉपी अखेर उमटली, आणि पॉलिग्राफ लांबणीवर

मंडळी, उमटली! ताज्या पत्रावर ओलसर पातळ कागद (टिश्यू) दाबून प्रत काढायची जुनी रीत मी करून बघतोय, आणि अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या ६ नोव्हेंबर १८०१ च्या परिपत्रकाचं पहिलं पान टिश्यूवर वरपासून खालपर्यंत वाचता येतंय. आता सविस्तर लिहितो, कारण मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी "टिश्यूच्या ओलीचं काय झालं?" असं विचारलं होतं.

सगळं घोडं अडलं होतं ते ओलीपाशीच. जेम्स वॅटने १७८० मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत ऐकायला अगदी साधी आहे: ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवायचा, दाबायचा, उलटी उमटलेली अक्षरं कागदाच्या पाठीमागून सुलटी वाचायची. पण पावसाळ्याच्या हवेत टिश्यू किती ओला आहे याचा अंदाजच येईना. जरा कोरडा राहिला तर नुसती धूसर रेघ, जरा जास्त भिजला तर अक्षरं फुलणार आणि मूळ पत्राचंही वाटोळं. स्प्रे, ओला स्पंज, वाफ, सगळे उपाय झाले. स्प्रेचे थेंब तर टिश्यूवर ठिपक्याठिपक्यांनी दिसतात. तो प्रकार माझ्याकडून कायमचा बाद.

मार्ग निघाला तो शिकंजा (दाबायचं यंत्र) बाजूला ठेवून. टिपकागद भिजवून निथळून घेतले, एक टिपकागद, एक टिश्यू अशी चळत रचली, वर काच आणि वजन, आणि सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवलं. सकाळी टिश्यू हाताला गार लागतो, पण बोटाला पाणी लागत नाही. हीच ती ओल. मग पत्र, टिश्यू, त्यावर मेणकापड, आणि शिकंजा आवळायचा.

तरीही अक्षर फिकंच येत होतं. तेव्हा वॅटच्या पेटंटकडे पुन्हा वळलो. त्याच्या भिजवायच्या द्रावणात मायफळ (ओकच्या झाडावरची तुरट गाठ) आहे! आपण सगळे मायफळ-हिरडा शाईत घालतो, कागदात नाही. शाईतलं हिराकस (लोहाचा क्षार) टिश्यूवर उतरलं की त्याला तिथेच मायफळातलं टॅनिन भेटतं आणि रंग चढतो. काष्ठौषधीच्या दुकानातून मायफळ आणलं, कुटून काढा केला, फडक्यातून दोनदा गाळला आणि साध्या पाण्याऐवजी त्यात टिपकागद भिजवले. संध्याकाळी काढलेली प्रत करड्या रंगाची होती. वाळत घातली. सकाळी तीच प्रत काळी! "डिपार्टमेंट्स" या शब्दातल्या केसाएवढ्या बारीक वरच्या रेघासुद्धा आल्या आहेत, आणि त्या हंसाच्या पिसाने लिहिलेल्या आहेत, बोरूने नव्हे. बोरू शाई भरपूर सोडतो म्हणून प्रत सोपी जाते, पण मग ते अक्षर त्या काळातलं दिसत नाही.

शाई जुनीच: हिरडा, हिराकस, बाभळीचा डिंक, वर थोडी खडीसाखर, म्हणजे ती पटकन सुकत नाही. बाजारातल्या फाउंटन पेनच्या आयर्न-गॉल (लोह आणि टॅनिनच्या) शायांच्या नादी लागू नका. पेन तुंबू नये म्हणून त्यात लोह बेताचंच असतं. कागदाबद्दल एक तक्रार: एका पुरवठादाराने बिनखळीचा म्हणून पाठवलेला टिश्यू चक्क खळ दिलेला निघाला. पाण्याचा थेंब त्यावर तसाच उभा राहतो. कोपऱ्यावर थेंब टाकून बघितल्याशिवाय गठ्ठा घेऊ नका. पातळ जपानी कोझो (तुतीच्या सालीचा कागद) महाग पडतो, पण दुसरं काही त्याच्या जवळपास येत नाही.

आता हेच परिपत्रक का निवडलं, ते नव्यांसाठी थोडक्यात. त्यात जेफरसन आपल्या खातेप्रमुखांना पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या वेळची टपालाची रीत सांगतो. अध्यक्षाच्या नावे आलेलं पत्र संबंधित खात्याकडे जायचं. खात्याकडे आलेलं, उत्तर लागणारं पत्र प्रस्तावित उत्तरासह अध्यक्षाकडे यायचं. शेरा न मारता परत गेलं की मंजूर. काही खटकलं तर सोबत छोटी चिठ्ठी. जेफरसनच्या आधीचा अध्यक्ष जॉन ॲडम्स राजधानीपासून महिनोन्‌महिने दूर राहिल्याने (१७९९ मध्ये तो मार्च ते ऑक्टोबर क्विन्सीला, आपल्या घरी होता) कारभार चार स्वतंत्र खात्यांत वाटला गेला, हा जेफरसनचा आक्षेपही त्यात आहे. मॅडिसन (राज्य खातं), गॅलॅटिन (वित्त), डिअरबॉर्न (युद्ध) यांनी रोजची टपाल दाखवावी एवढीच मागणी, पण सगळ्या कारभाराचे धागे एका हातात ठेवणारी. मला हे पत्र त्याच्या गाजलेल्या भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं.

प्रत सुकत असताना एक गोष्ट डोक्यात आली. शेरा न मारता परत पाठवणं म्हणजेच मंजुरी असेल, तर मंजुरीचा पुरावा पत्रावर नसणारच! तो शोधायचा कुठे? पत्राच्या पाठीवरच्या डॉकेटमध्ये (कोणाचं, कधीचं पत्र याची छोटी नोंद) आणि आवक-जावक वहीत. जेफरसनची स्वतःची वही ११ नोव्हेंबर १७८३ पासून २५ जून १८२६ पर्यंत चालू होती, ६५६ पानं, लिहिलेली पत्रं एका रकान्यात, आलेली दुसऱ्यात. आणि प्रत ठेवण्याची ही धडपड किती गरजेची होती, ते ८ नोव्हेंबर १८०० च्या आगीने दाखवलं. युद्ध खात्याची दफ्तरं त्या रात्री जळाली. पुढे ते दफ्तर पुन्हा उभं करताना अभ्यासकांना इतरांकडे उरलेल्या प्रतींवर विसंबावं लागलं.

म्हणून बेत बदलतोय. यानंतर पॉलिग्राफ करायचा ठरलं होतं, म्हणजे चार्ल्स विल्सन पील फिलाडेल्फियात बनवायचा आणि जेफरसन १८०४ पासून वापरू लागला ते दोन लेखण्यांचं यंत्र. लाकूडही कापून ठेवलंय. पण आधी वॉशिंग्टनची टपालरीत प्रत्यक्ष चालवून बघायची आहे. चौघांनी खाती घ्या, एकाने अध्यक्षपद. पत्र, प्रस्तावित उत्तर, घडी, डॉकेट, वही, आणि जाणाऱ्या प्रत्येक उत्तराची प्रेस-कॉपी. एका मूळ पत्रावरून दुसरी प्रतही निघते, पण ती पुसट येते, तेव्हा चार खात्यांना एकच मजकूर पाठवायचा तर हाताने चार वेळा लिहावंच लागेल.

वित्त खातं मी घेतो. राज्य खातं (म्हणजे परराष्ट्र व्यवहार) ज्याला हवं त्याचं हंसाच्या पिसाचं अक्षर बरं असावं, कारण सर्वांत जास्त पत्रं तिथूनच सुटणार. मायफळाच्या काढ्याचं प्रमाण पुढच्या नोंदीत देतो. सध्या तो दोन दिवसांत बुरसतोय. लवंग घालून टिकतो का, ते याच आठवड्यात कळेल.