रेटिंगवर तारीख कोणती? घोड्यांच्या शर्यतींचे सॉफ्टवेअर वापरल्याचा माझा अनुभव

घोड्यांच्या शर्यतींच्या हँडिकॅपिंग सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नोंदवण्याच्या अर्जात ‘तक्रारीचा प्रकार’ या रकान्यासमोर सात पर्याय होते. सदस्यत्वाचे शुल्क, विसरलेला पासवर्ड, सॉफ्टवेअर सुरू न होणे, छपाईतील अडचण असे सगळे काही त्यांत होते. ‘तुम्ही दिलेले आकडेच चुकीचे आहेत’ असे म्हणण्याची सोय मात्र कोठेही नव्हती. शेवटी मी ‘इतर’ हा पर्याय निवडला आणि पुढचे बावीस दिवस त्या ‘इतर’मध्येच अडकून पडलो. त्या दिवसांचा राग अजून पुरता उतरलेला नाही, त्यामुळे या लेखात त्याची छटा दिसली तर वाचकांनी समजून घ्यावे.

हँडिकॅपिंग या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि नवखा माणूस तेथेच गोंधळतो. शर्यत भरवणाऱ्यांचा हँडिकॅपर चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमकुवत घोड्यावर कमी वजन लादतो, म्हणजे सगळ्यांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी. पैज लावणाऱ्याचे हँडिकॅपिंग याच्या उलट दिशेने जाते: संधी सारखी नाही असे धरून कोणत्या घोड्याची किती आहे, हे त्याला ठरवायचे असते. मी घेतलेले सॉफ्टवेअर या दुसऱ्या कामाचे होते. घोड्याने पूर्वीच्या शर्यतींत घेतलेली वेळ, त्या त्या दिवशी धावपट्टी किती वेगवान होती, अंतर, पाठीवरचे वजन, जॉकी आणि ट्रेनर यांची कामगिरी हे सगळे एकत्र करून ते प्रत्येक घोड्याला एक रेटिंग देत असे. कल्पना नवी नाही. नुसती वेळ न पाहता त्या दिवसाच्या धावपट्टीचा हिशेब धरून वेळ दुरुस्त करायची, ही पद्धत अमेरिकेतील अँड्र्यू बेयर यांनी 1970 च्या दशकात लोकप्रिय केली आणि त्यांच्या स्पीड फिगर, म्हणजे अशा दुरुस्त वेळेवरून काढलेले आकडे, 1992 पासून ‘डेली रेसिंग फॉर्म’ या शर्यतींच्या अमेरिकी वृत्तपत्रात छापल्या जाऊ लागल्या.

सदस्यत्व घेणे, सॉफ्टवेअर बसवणे, रोजच्या शर्यतींची फाइल उतरवून घेणे हे सगळे एका दुपारी झाले. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पैसे लावण्याआधी जुन्या शर्यतींवर पडताळणी करावी एवढी शिस्त माझ्यापाशी होती. सॉफ्टवेअरमधून मी 1,140 जुन्या शर्यतींची रेटिंग निकालासह काढून घेतली. सर्वांत वरचे रेटिंग असलेला घोडा त्यांपैकी 46 टक्के शर्यतींत जिंकला होता आणि प्रत्येक शर्यतीत त्याच्यावर सारखी रक्कम लावली असती, तर शंभरामागे 38 नफा झाला असता. हा आकडा पाहून मला आनंदाऐवजी शंका यायला हवी होती. जगभरच्या शर्यतींत फेव्हरिट घोडा, म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे लागलेले असतात तो, साधारण तीनांत एकदा जिंकतो, आणि फेव्हरिट ठरवणाऱ्या गर्दीत माझ्याहून जाणकार माणसे आपले खरे पैसे घेऊन उभी असतात. त्या सगळ्यांच्या एकत्रित मतापेक्षा एक विकतचा आकडा इतका शहाणा कसा, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी दोन दिवस अभिमानात होतो.

आता थोडे गणित सांगतो, कारण पुढची सगळी हानी त्याच वाटेने आली. रेटिंग म्हणजे शक्यता नव्हे. समजा, पाच घोड्यांची रेटिंग 92, 88, 87, 80 आणि 76 आहेत. पहिला घोडा जिंकण्याची शक्यता किती, हे या आकड्यांत लिहिलेले नसते. त्यासाठी प्रत्येक घोडा सर्वांत वरच्या घोड्यापेक्षा किती गुणांनी मागे आहे ते काढायचे, त्या फरकाला एका भाजकाने भागायचे, येणाऱ्या संख्येला उणे करून ती ‘ई’ या गणिती स्थिरांकाचा (सुमारे 2.718) घातांक म्हणून वापरायची आणि मिळालेल्या सगळ्या किमतींची बेरीज शंभर टक्के धरून वाटणी करायची. भाजक 8 घेतला, तर पहिल्या घोड्याची शक्यता 40 टक्के येते. भाजक 4 घेतला, तर त्याच घोड्याची, त्याच रेटिंगवर, 58 टक्के येते. पैजांच्या बाजारात त्याला एकास एक भाव (जिंकल्यास शंभरावर शंभर नफा) मिळत असेल, तर 58 टक्क्यांच्या हिशेबाने शंभराच्या पैजेवर सरासरी 16 नफा आहे आणि 40 टक्क्यांच्या हिशेबाने 20 तोटा. सगळा खेळ भाजकावर आहे आणि भाजक मिळतो तो फक्त जुन्या निकालांतून. माझ्या 1,140 शर्यतींनी मला भाजक दिला 4.

पैजेची रक्कम ठरवण्यासाठी मी जॉन केली यांचे सूत्र वापरत होतो. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या केली यांनी 1956 मध्ये मांडलेले हे सूत्र आपली शक्यता आणि मिळणारा भाव यांवरून भांडवलाचा किती भाग लावावा ते सांगते. एकास एक भावाला 58 टक्के शक्यता असेल, तर ते 16 टक्के लावायला सांगते. मी सावध माणूस असल्यामुळे त्याच्या निम्मे, म्हणजे 8 टक्के लावत होतो, आणि यालाच सावधपणा म्हणतात अशी माझी समजूत होती. शक्यता चुकीची असेल, तर तिच्या निम्म्याने केलेली पैजही चुकीचीच असते. साठ पैजांनंतर माझे 17 घोडे जिंकलेले होते आणि शर्यतींसाठी वेगळे ठेवलेले भांडवल एक तृतीयांशाहून अधिक घटले होते. 46 टक्क्यांच्या हिशेबाने 27-28 जिंकायला हवे होते. दोन-चार कमी आले असते, तर नशिबाकडे बोट दाखवता आले असते. दहा कमी आल्यावर नशिबाचे नाव घेणे ही स्वतःची फसवणूक आहे. ती मी आणखी तीन आठवडे केली.

माझे मोठे बंधू हिशेबतपासनीस आहेत. शर्यतींतले त्यांना काहीही कळत नाही. मी माझा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा घोड्यांच्या नावांकडे न पाहता त्यांनी एवढेच विचारले, “या रेटिंगवर तारीख कोणती आहे?” मी म्हटले, “दादा, शर्यतीची तारीख पहिल्या स्तंभात आहे ना.” ते म्हणाले, “ती शर्यतीची झाली. हा आकडा कोणत्या दिवशी लिहिला गेला, ते मी विचारतोय.” मला उत्तर देता आले नाही.

सुदैवाने माझ्याजवळ कागद होते. पडद्यावर वाचायचा कंटाळा असल्यामुळे मी सकाळी रेटिंगचे पान छापून घेत असे आणि ती पाने फेकलेली नव्हती. एकूण 43 शर्यतींची पाने सापडली. त्याच शर्यती सॉफ्टवेअरमधून ‘जुन्या शर्यती’ म्हणून पुन्हा काढल्या आणि कागदाशेजारी ठेवल्या. पहिल्याच शर्यतीत, सहा घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकलेल्या घोड्याचे रेटिंग कागदावर 81 होते आणि फाइलमध्ये 88. त्रेचाळीसपैकी 39 शर्यतींत विजेत्याचे रेटिंग फाइलमध्ये वाढलेले होते आणि शेवटच्या क्रमांकांवर आलेल्या बहुतेक घोड्यांचे उतरलेले. म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक घोड्याचे एकच, सर्वांत ताजे रेटिंग साठवत होते आणि जुनी शर्यत मागितली की तेच तिला चिकटवून देत होते. ज्या शर्यतीचा निकाल मी ‘ओळखून’ दाखवत होतो, तो निकाल रेटिंगच्या पोटात आधीच गेलेला होता. निकाल माहीत असलेल्या आकड्यांतून काढलेला भाजक फाजील आत्मविश्वासाचाच येणार. म्हणून तो 4 आला.

येथून तो ‘इतर’चा प्रवास सुरू झाला. पहिल्या दिवशी मी 43 शर्यतींचा तक्ता जोडून तक्रार पाठवली. चौथ्या दिवशी उत्तर आले की सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवावे. मी पुन्हा बसवले, आकडे अर्थातच तेच आले, आणि तसे कळवले. नवव्या दिवशी ‘आपल्याकडून प्रतिसाद नसल्यामुळे’ तक्रार आपोआप बंद झाल्याचा संदेश आला; वास्तविक शेवटचा प्रतिसाद माझाच होता आणि वाट मी पाहत होतो. बंद तक्रार पुन्हा उघडता येत नसल्यामुळे नवी नोंदवावी लागली. तिला नवा क्रमांक मिळाला आणि नव्या माणसाने पुन्हा मला सॉफ्टवेअर काढून बसवायला सांगितले. पंधराव्या दिवशी मी तक्ता बाजूला ठेवला आणि एकाच घोड्याची दोन छायाचित्रे पाठवली: सकाळचा छापील कागद आणि आजचा पडदा. त्यानंतरचे सात दिवस शांततेत गेले. मधल्या काळात सदस्यत्वाच्या नूतनीकरणाची रक्कम मात्र ठरलेल्या तारखेला, एक दिवसही न चुकता, वळती झाली.

बाविसाव्या दिवशी उत्तर आले. त्यात म्हटले होते की रेटिंग सतत अद्ययावत होत असते आणि हे या सॉफ्टवेअरचे वैशिष्ट्य आहे.

न्यायाने बोलायचे, तर अद्ययावत करण्यात गैर काहीच नाही. एखाद्या दिवसाची धावपट्टी वाटली त्यापेक्षा वेगवान होती, हे त्या दिवशी धावलेले घोडे पुन्हा धावल्यावरच कळते, आणि चांगले आकडे बनवणारे लोक जुने आकडे सुधारत असतात. पुढच्या शर्यतीसाठी सुधारलेला आकडाच हवा. पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘जुन्या शर्यतींवर तुमची पद्धत तपासा’ असे बटण देऊन त्यामागे निकालानंतरचे आकडे ठेवणे हे वैशिष्ट्य नव्हे. सकाळचा आकडा वेगळा जपून ठेवणे त्यांना अवघड नव्हते. मला ते एका साध्या तक्त्यात जमले.

तेव्हापासून मी शर्यतींच्या दिवशी सकाळी फाइल उतरवतो, तिच्या नावात तारीख व वेळ घालतो आणि ती केवळ वाचता येईल अशी करून ठेवतो. अशा 300 शर्यती जमेपर्यंत मी एकही पैज लावली नाही. हा काळ फार कंटाळवाणा गेला, आणि एकदा मनातल्या मनात निवडलेला घोडा एकास चौदा भावाने आला तेव्हा तर असह्य झाला. तरीही थांबलो ते बरे झाले, कारण या खऱ्या आकड्यांतून भाजक आला 8 च्या किंचित वर. वरचे रेटिंग असलेला घोडा 29 टक्के वेळा जिंकत होता, म्हणजे फेव्हरिटपेक्षा थोडा कमीच.

मग रेटिंगचा उपयोग काय? हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकाच्या आधारे पैजा लावणारे बिल बेंटर यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात याचे उत्तर आहे: आपल्या पद्धतीची शक्यता एकटी वापरू नये, बाजारभावातून निघणारी शक्यता तिच्यात मिसळावी, कारण आपल्या आकड्यांत नसलेली पुष्कळ माहिती त्या भावात असते. माझे रेटिंग 40 टक्के म्हणत असेल आणि बाजार 28, तर मी आता साधारण 32 धरतो. किती मिसळायचे हेही सकाळच्या जपलेल्या फाइलींवरूनच ठरवले. मिसळल्यानंतर पैज लावण्याजोगे घोडे एकदम कमी होतात. पूर्वी मी जवळजवळ प्रत्येक शर्यत खेळत होतो, आता पाच-सहा शर्यतींत एखादी.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. शर्यतीतून एखादा घोडा ऐनवेळी मागे घेतला गेला, तर उरलेल्यांच्या शक्यतांची वाटणी पुन्हा करावी लागते. मी सुरुवातीला ती विसरत होतो आणि माझी बेरीज 85 टक्क्यांवर थांबत होती. पहिल्यांदाच धावणाऱ्या घोड्याला माझे सॉफ्टवेअर चक्क सरासरी रेटिंग देते आणि तसे कोठे लिहीतही नाही, म्हणून असे दोन घोडे असलेली शर्यत मी सोडून देतो. पाऊस पडून धावपट्टी ओली झाली, तर कोरड्या धावपट्टीवरच्या कामगिरीतून आलेले सकाळचे रेटिंग जवळजवळ निकामी होते. एकत्र जमा होणाऱ्या रकमेतून वाटप होते तेथे आयोजकांची कपात साधारण 15 ते 25 टक्के असते आणि पडद्यावरचा भाव शर्यत सुटेपर्यंत बदलत राहतो. तेव्हा ‘या भावाखाली नाही’ असा आकडा आधी लिहून ठेवावा आणि शक्य तितक्या उशिरा पैज लावावी. आणखी एक: न लावलेल्या पैजाही नोंदवाव्यात, नाही तर आपली स्मृती फक्त हुकलेले विजेते लक्षात ठेवते.

आजपर्यंत सकाळच्या 530 शर्यती जपून झाल्या आहेत. नव्या पद्धतीने 96 पैजा लावल्या, त्यांतल्या 24 जिंकल्या आणि शंभरामागे साधारण 2 तोटा आहे. केवळ 96 पैजांत चार-दोन निकाल इकडचे तिकडे झाले तरी हे चित्र पालटते, म्हणून त्याला मी यश म्हणत नाही आणि अपयशही नाही. पैजेची रक्कम केलीच्या सूत्राच्या एक चतुर्थांशावर आणली आहे आणि 1,000 शर्यती जमल्यावर भाजक पुन्हा काढणार आहे. सकाळची पाने अजूनही छापतो. दादांनी त्यांवर मारायला तारखेचा शिक्का दिला आहे.