पित्त घ्यायचं ते डाय सोडण्याआधी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा कावीळीचा रुग्ण बेळगावात पोचेपर्यंत अंगाला खाज सुटून बरेच आठवडे झालेले असतात. मधल्या काळात कुणीतरी कावीळ उतरवून दिलेली असते. सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली दिसते, खडा सापडत नाही. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळीच्या एमआरआयमध्ये, नळी एका जागी आवळलेली, पण गाठ ठळक नाही. मग खरा प्रश्न येतो: नळी कॅन्सरने आवळली आहे की सुजेने?

कॅन्सर समजून व्हिपल शस्त्रक्रिया (स्वादुपिंडाचं डोकं आणि पित्तनळीचा भाग काढण्याची) केली किंवा अर्धं यकृत काढलं आणि तपासणीत नुसती सूज निघाली, असं घडतं. उलट सूज समजून नळी उघडी ठेवणारा स्टेंट बदलत राहिलं, तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

आजवरचा आधार ब्रश सायटोलॉजीचा, म्हणजे नळीतून ब्रशने पेशी खरवडून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा. ब्रशमध्ये कॅन्सर दिसला तर तो जवळजवळ नक्की असतो, पण कॅन्सर असलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण पंचेचाळिसांतच तो सापडतो. पित्तनळीचा कॅन्सर तंतुमय आणि टणक असतो, नळीच्या अस्तराखालून पसरतो, त्यामुळे ब्रशला पेशी कमी लागतात. स्वादुपिंडाची गाठ तर नळीला बाहेरून दाबते. त्यात आधीचा स्टेंट असला की सुजेने पेशींची रूपं बिघडतात आणि पॅथॉलॉजिस्टला ‘ॲटिपिकल’ (नेहमीसारख्या नाहीत) एवढंच लिहिता येतं. या शब्दावर कुणी शस्त्रक्रिया ठरवू नये आणि कुणी निर्धास्तही होऊ नये.

पित्त मात्र त्या गाठीला अखंड घासून वाहतं. मरणाऱ्या पेशींचा डीएनए त्यात सुटतो, म्हणून रक्तापेक्षा पित्तात गाठीचा अंश सहसा जास्त मिळतो. केरास, टीपी५३, एसएमएडी४, सीडीकेएन२ए या जनुकांतले बदल त्यात शोधतात. पिट्सबर्गच्या गटाने २०२० मध्ये २८ जनुकांचा संच वापरून ब्रश आणि बायोप्सीचे नमुने तपासले. तेव्हा नेहमीच्या पॅथॉलॉजीत ४८ टक्के कॅन्सर सापडले, जनुक तपासणीत ७३ टक्के, दोन्ही मिळून ८३ टक्के. हे आकडे पित्ताचे नाहीत, नळीतून खरवडलेल्या पेशींचे आहेत, हे ध्यानात ठेवावं. पित्तातल्या मुक्त डीएनएवरचे अभ्यास लहान आहेत, पण त्यांचा कलही याच दिशेचा आहे.

हे पित्त घेतात ते ईआरसीपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीत शिरतात तेव्हा. खरी गोम त्या टेबलावर आहे. वायर नळीत गेली की एक्स-रेत नळी दिसावी म्हणून सवयीने लगेच डाय सोडला जातो आणि पित्त पातळ होतं. म्हणून कॅथेटर (बारीक पोकळ नळी) पित्तनळीत बसताच १० मिलीची सिरिंज लावून ५ ते १० मिली पित्त हळूहळू ओढावं. जोर लावला तर नळीची भिंत कॅथेटरच्या तोंडाला चिकटते आणि काहीच येत नाही. अशा वेळी कॅथेटर किंचित मागे घेऊन पुन्हा ओढावं. त्यानंतर डाय, मग ब्रश आवळलेल्या जागेतून किमान दहा वेळा पुढे-मागे, मग फोर्सेप्सने बायोप्सी, आणि शेवटी स्टेंट. ब्रशनंतर रक्त मिसळतं. रक्तातल्या निरोगी डीएनएत गाठीचा अंश हरवतो, म्हणून ब्रशनंतरचं पित्त वेगळ्या नळीत घालून फक्त सायटोलॉजीला द्यावं.

नमुना बर्फावर ठेवून शक्यतो दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करायचा. आधी सौम्य गतीने पेशी खाली बसवायच्या, मग वरचा द्रव जास्त गतीने पुन्हा फिरवायचा. तो द्रव छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवायचा, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवावी लागत नाही. खाली बसलेल्या पेशी सायटोलॉजीला जातात. पित्तक्षार आणि बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडवतात, त्यामुळे प्रयोगशाळेने डीएनए काढताना जास्तीचा धुण्याचा टप्पा घ्यायला हवा. पित्ताची सवय नसलेल्या लॅबमध्ये ‘डीएनए मिळाला नाही’ असा रिपोर्ट येतो, त्याचं एक कारण हेच.

बेळगावहून नमुना पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवायचा तर आधी लॅबला फोन करावा. त्या दिवशी ड्राय आइस मिळेल का, पित्त स्वीकारता का, योजनेच्या कार्डात ही तपासणी बसते का, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. थर्माकोलची पेटी हवाबंद करू नये, ड्राय आइसचा वायू साचून ती फुटते.

रिपोर्ट वाचताना घाई नको. टीपी५३चा बदल कॅन्सरकडे जोरात बोट दाखवतो. एकट्या केरासवर तेवढा भर देऊ नये, कारण कॅन्सरपूर्व बदलांतही तो दिसतो. काहीच सापडलं नाही म्हणजे कॅन्सर नाही, असा अर्थ कधीच काढू नये. रक्तातला सीए १९-९ हा कॅन्सरचा निर्देशक तुंबलेल्या पित्तानेही वाढतो, तो कावीळ उतरल्यावर पुन्हा करावा. काही माणसांच्या शरीरात तो जन्मतःच बनत नाही. आयजीजी४ या प्रतिपिंडाची रक्ततपासणी मात्र प्रत्येक अनिश्चित रुग्णात आधीच करून घ्यावी. आयजीजी४शी निगडित सुजेच्या आजारात स्टिरॉइडने नळी मोकळी होते आणि मोठी शस्त्रक्रिया टळते. मानेत किंवा पोटात गाठी असतील तर आपल्याकडे टीबीही विसरू नये.

सोबतच्या फॉर्मवर चार गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: आधी स्टेंट होता का आणि किती दिवस, बिलिरुबिन किती, ताप किंवा पू होता का, पित्त डायच्या आधीचं की नंतरचं. हे न लिहिता पाठवलेल्या नमुन्याच्या नकारार्थी रिपोर्टवर विसंबता येत नाही. मग चार-सहा आठवड्यांनी तीच ईआरसीपी पुन्हा करावी लागते.