चाळणीतून गेलेलं खत

खताचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर येतात. मोठ्या सोसायट्यांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावावी, असा मुंबई महापालिकेने 2017 साली धोशा लावला, तेव्हापासून तर जास्तच. मी तपासणीचं काम करते. ओलावा, सामू (पीएच), कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण, जड धातू. अहवाल दिला की नमुना डोक्यातून जातो.

गोरेगावच्या एका सोसायटीचं खत मात्र डोक्यातून गेलं नाही. दिसायला देखणं होतं. काळंभोर, भुसभुशीत, आंबूस वास अजिबात नाही. सेक्रेटरीकाका स्वतः पिशवी घेऊन आले होते. "मॅडम, सर्टिफिकेट मिळालं की जवळची नर्सरी सगळं खत उचलणार आहे. झाडलोट करणाऱ्या बायकांचा दिवाळीचा बोनस त्यातूनच काढायचाय," म्हणाले.

शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतासाठी खत नियंत्रण आदेशात मानकं आहेत. त्यात एक अट अशी की, किमान 90 टक्के खत 4 मिलिमीटरच्या चाळणीतून गेलं पाहिजे. काकांचं खत जवळजवळ सगळंच गेलं. बाकीचे आकडेही मर्यादेत. अहवाल टाइप करायला घ्यायचा, तेवढ्यात वाळवणाच्या ट्रेमध्ये काहीतरी चमकलं. चिमट्याने उचललं तर जरीचा तुकडा. हल्ली देवाच्या हारात गुंफतात ती, चकचकीत प्लॅस्टिकची. त्याच्या शेजारी एक पांढरा त्रिकोण, नखाहून लहान, एका कडेला निळी छपाई. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, तोही अर्धाच.

मग मला राहवेना. तक्त्यात नसलेली तपासणी मी माझ्या हिशेबाने सुरू केली.

वाळलेलं थोडं खत मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून ठेवलं. या द्रावणाची घनता पाण्याच्या सुमारे 1.2 पट असते, त्यामुळे पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन वर येतात आणि माती तळाशी बसते. पाला आणि काड्याही वर येतात, म्हणून वरचा थर गाळून त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं. फेस उसळतो, भांडं तापतं, बर्फात धरावं लागतं. वनस्पतीचा अंश हळूहळू जळून जातो, प्लॅस्टिक जसंच्या तसं राहतं. उरलेलं गाळणकागदावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तेव्हा काळ्या खतातून रंग बाहेर आले. पिशव्यांचे पारदर्शक पापुद्रे, हिरव्या स्क्रबरचे पीळ पडलेले तंतू, निळे, लाल ठिपके. शंका आली त्या तुकड्याला तापवलेली सुई टेकवली. काडी असती तर करपली असती. हा आक्रसून गोळा झाला. जरीचा तुकडा मात्र या द्रावणात वर आलाच नाही. तो पॉलिएस्टरचा, आणि पॉलिएस्टर जड, ते बुडतं. म्हणजे दिसत होतं त्याहून जास्त होतं.

5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. आता 4 मिलिमीटरची चाळणी आठवा. तिच्यातून जे प्लॅस्टिक खाली पडतं ते जवळजवळ सगळं मायक्रोप्लॅस्टिकच, आणि चाळणीच्या लेखी ते उत्तम बारीक खत! हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. जर्मनीत बायरॉइटच्या संशोधकांना 2018 साली किलोभर कोरड्या खतात 1 मिलिमीटरहून मोठे 14 पासून 895 पर्यंत तुकडे सापडले होते. मी ते वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "या आणि बघा, आमच्याकडे कचरा वेगळा होतो." त्याच दुपारी गेले. खरंच होत होता. त्या बायकांनी हातमोजे घालून मोठ्या पिशव्या चोख बाजूला काढल्या होत्या. पण कोपरे, फळांवरचे स्टिकर, निर्माल्यातले दोरे भाजीच्या देठांत कालवलेले. ते सगळं श्रेडरच्या पात्यांखाली जात होतं. हाताने उचलता आला असता तो एक तुकडा तिथे शंभर ठिकाणी वाटला जात होता. खत करायच्या मशीनमध्येच प्लॅस्टिक बारीक होत होतं.

माळीमामा ते खत वाफ्यांत पसरत आले आहेत. वाफ्यांच्या कडेला पावसाळी गटार, तिथून नाला, ओशिवरा नदी, मालाडची खाडी आणि वेसाव्याच्या तोंडाशी समुद्र, जिथे कोळी डोल जाळी लावतात.

काकांनी विचारलं, "गांडुळं मरतील का?" खरं तेच सांगितलं. नेदरलँड्समधल्या 2016 च्या प्रयोगात पाल्यात 28 टक्के आणि त्याहून जास्त पॉलिथिन मिसळलं तेव्हा गांडुळांची वाढ खुंटली, मरणारी वाढली. तुमच्या बागेत एवढं नाही. पण गांडूळ हे कण बिळातून खाली नेतं, तंतूंमुळे मातीची ढेकळं आणि पाणी धरण्याची ताकद बदलते आणि दरवर्षी नव्या खताबरोबर भर पडते, कमी काहीच होत नाही. समुद्रात तेच कण डीडीटीसारखी विषं अंगावर ओढून घेतात आणि सूक्ष्म जीव त्यांना अन्न समजून गिळतात. शंभर टक्के मरण दाखवता आलं तरच काळजी करायची, हे मला पटत नाही.

अहवालात सगळे रकाने 'मर्यादेत' असेच भरले, कारण ते तसेच होते. खाली शेरा लिहिला: नमुन्यात प्लॅस्टिकचे कण व तंतू आढळले, विक्री करू नये. काका बराच वेळ वाचत राहिले. "हे वाचून नर्सरीवाला घेणार नाही."

"म्हणूनच लिहिलंय, काका. तो हे शंभर कुंड्यांत घालेल."

राग आला असणार, पण पुढच्या सभेला त्यांनीच मला बोलावलं. आता श्रेडरच्या आधी एक टेबल आहे, त्यावर कचरा पसरून निवडतात. त्यासाठी त्या बायकांना जादा पैसे मिळावेत, हा आग्रह मी धरला, तो मान्य झाला. घराघरांत सांगितलंय की दुधाच्या पिशवीला नुसती चीर द्या, कोपरा पिशवीलाच लटकता ठेवा; हार टाकण्याआधी दोरा काढा. पोत्यांत भरलेलं जुनं खत तसंच ठेवून दिलंय. वाफ्यांतलं काढता येणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. माती गटारात वाहून जाऊ नये म्हणून माळीमामांनी कडेला विटा रचायला घेतल्या आहेत, वर पाल्याचं आच्छादन. पाऊस लागायच्या आत ते पुरं करायचंय.