नाव, गाव आणि न विचारलेले आडनाव
किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ मी आत्याच्या घरी, तिच्या शेजारी बसून पाहिला. चित्रपटभर मनापासून हसणारी आत्या एका प्रसंगात मात्र गप्प झाली. रेल्वेच्या डब्यात घुंगटामुळे नववधूंची अदलाबदल होऊन परक्या घरी आलेली जया कमळकाकडीच्या भाजीचे कौतुक करते, तेव्हा घरच्यांच्या आवडीचे रांधता रांधता स्वतःला काय आवडते याचाच विसर पडल्याची कबुली त्या घरातली सासू देते. आत्याला विचारले असते तर तिलाही उत्तर सुचले नसते, असे मला वाटले. म्हणून मी विचारले नाही.

ग्रामीण विनोदी चित्रपटात बायका बहुधा ठरावीक साच्याच्या असतात : खाष्ट सासू, लाजरी सून, फटकळ शेजारीण. २००१ सालच्या काल्पनिक ‘निर्मल प्रदेशा’त घडणारी ही गोष्ट तो साचा मोडते. अदलाबदलीत स्थानकावर अडकलेल्या दुसऱ्या नवरीला, फूलला, घरकाम उत्तम येते आणि त्याचा तिला अभिमानही आहे, पण सासरच्या गावाचे नाव तिला आठवत नाही. जयाला पिकांवरच्या किडीपासून सेंद्रिय शेतीपर्यंत सारे ठाऊक आहे, पण शिकायचे तर तिला पळूनच जावे लागते. या दोघींहून वेगळी आहे ती फलाटावर चहाची टपरी चालवणारी, एकटी राहणारी मंजू माई. छाया कदम यांनी तिचा तिखटपणा असा सांभाळला आहे की तिची कीव करण्याची सोयच उरत नाही. फूल नवऱ्याचे नाव उच्चारायला कचरते, तेव्हा मला आपला उखाणा आठवला. आपल्याकडेही ते नाव सरळ घ्यायचे नाही म्हणून त्याला यमकाची पालखी लागते. शेवटी स्थानकावर ती ‘दीपक’ अशी मोठ्याने हाक मारते, तिथे आत्याने टाळी दिली.

तरीही एक गोष्ट मला खटकत राहिली. अनोळखी नवरी घरात येते, थेट स्वयंपाकघरात वावरते, आणि तिची जात कोणती, हे कोणीच विचारत नाही. कुमार, कुमारी, राणी अशा नावांमागे बहुतेक आडनावे विरघळून गेली आहेत. काल्पनिक राज्य निवडल्याने कथेला मोकळीक मिळाली हे खरे, परंतु ज्या गावात हुंड्याचा हिशेब इतका चोख मांडला जातो, तिथे जात तेवढी गळून पडावी, हे मला पटत नाही. बाईच्या वाट्याचे खेडे दिग्दर्शिकेने बारकाईने पाहिले आहे. पाणवठ्यांनी आणि वस्त्यांनी विभागलेले खेडे चौकटीबाहेर राहिले.

दुकानातला प्रसंगही असाच. घुंगटातल्या नवरीचे छायाचित्र दाखवणाऱ्या दीपकला मुस्लीम दुकानदार चेहऱ्याचे महत्त्व सांगतो आणि तेवढ्यात त्याचीच पत्नी बुरख्यात समोर येते. विनोद नेमका आहे, मीही हसलो. पण घुंगटामागे कोण आहे हे सांगण्यासाठी पूर्ण चित्रपट खर्ची पडतो आणि बुरख्यामागची बाई एका हशापुरती येऊन जाते. त्या छायाचित्राकडे पाहून ती काय म्हणाली असती, हे मला ऐकायचे होते.