चार्ज घेतला त्या दिवशी

पाळकाची, म्हणजे चर्चच्या पास्टरची, बदली किंवा निवृत्ती झाली की आमच्याकडे चार्ज द्यावा-घ्यावा लागतो. यादी दोन प्रतींत करायची, एकेक वस्तू समोर ठेवून मोजायची आणि कमिटीच्या दोन सभासदांच्या साक्षीने सह्या करायच्या. प्रभुभोजनाचा (येशूच्या नावाने भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा) प्याला आणि थाळी, वेदीवरचे मेणबत्तीचे स्टँड, हार्मोनियम, ढोलक, सतरंज्या, जेवणावळीची स्टीलची ताटं, माइकचा सेट, कॅशबुक, पासबुक, जमिनीचे कागद. सगळ्यात शेवटी रजिस्टरं : बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी), विवाह, दफन. विवाहाचं रजिस्टर १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चालतं. त्यात एखाद्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर वीस वर्षांनी कोणाची पेन्शन अडते, कोणाचा पासपोर्ट. म्हणून ते पान पान उलटून घ्यायचं असतं.

आमची मंडळी, म्हणजे या चर्चचे सगळे सभासद, लूथरन, सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या परंपरेतली. छिंदवाड्याहून नागपूरकडे उतरताना सातपुड्याच्या दक्षिण उतारावर संत्र्याच्या बागा लागतात, त्या पट्ट्यातली. स्वीडनचे लूथरन मिशनरी १८७७ साली तेव्हाच्या मध्य प्रांतात आले, त्यांच्या कामातून इथल्या मंडळ्या उभ्या राहिल्या. बैतूल जिल्ह्यातलं पाढरचं हॉस्पिटल अनेकांना माहीत असेल, तेही याच परंपरेतलं. राज्य मध्य प्रदेश, चर्चमधली उपासना हिंदीत, पण घरातलं बोलणं, भांडण आणि झोपण्याआधीची प्रार्थना मराठीत.

ज्यांच्याकडून मी चार्ज घेतला ते पाळक तीन दशकांहून जास्त सेवा करून निवृत्त होत होते. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणतो. आदल्या दिवशी, रविवारी, निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, फोटो आणि बरीच भाषणं. ‘तुमच्यामुळेच ही मंडळी उभी आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येकाने म्हटलं. साहेब उत्तराला उठले. लूथर १५४६ साली आइस्लेबेन गावात वारला, त्याच्या दोन दिवस आधी त्याने एका चिठ्ठीवर लिहिलेली शेवटची ओळ त्यांनी सांगितली : ‘आपण भिकारी आहोत, हे खरं आहे.’ मग म्हणाले, “मीही या दारात मागायलाच येत होतो. तुम्हाला वाटत होतं मी वाटायला येतो.” एवढं बोलून ते बसले. निम्म्या लोकांना वाटलं त्यांना भरून आलं म्हणून ते थांबले. मला वाटतं त्यांना तेवढंच म्हणायचं होतं.

सोमवारी सकाळी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या पाळकाच्या खोलीत, यादी सुरू झाली. एक पत्र्याचा छोटा डबा निघाला. आत बोटाएवढा प्याला, झाकणाची बाटली, चपटी डबी आणि घडी घातलेला कागद. आजारी माणसांना घरी जाऊन प्रभुभोजन द्यायचा हा संच. कागदावर नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एखाददुसरी ओळ. ‘डावा कान.’ ‘दुपारी झोपतात, पाचनंतर.’ ‘सून हिंदू आहे, तिलाही नमस्कार करून बसायला सांगावं.’ पहिल्या नावापुढे फक्त ‘मागच्या दाराने’ असं लिहिलं होतं. साहेबांनी तो डबा यादीत चढवला नाही. “ही माझी वस्तू आहे. मी तुला देतोय,” म्हणाले.

सह्या झाल्या. साक्षीदारांनी पेनं खिशाला लावली, चहा आला, आणि त्याच वेळी एक मुलगा सायकलवर धावतपळत निरोप घेऊन आला : अमुक घरची आजी गेली. घराचं नाव ऐकताच वेस्ट्रीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

त्या घराची हकिगत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. हंगामाच्या सणाला लोक शेतातलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. कोहळा, कोंबडी, तुरीची गाठोडी, संत्र्यांची टोपली. लिलावाचा पैसा मंडळीचा. काही वर्षांपूर्वी या आजीच्या मुलाने संत्र्यांच्या पहिल्या टोपलीवर मोठी बोली लावली आणि माइकवरून कोणीतरी बोललं, “आधी मागच्या साली बोललास ते भर.” सगळी मंडळी बसलेली. तो उठला, बायकामुलांना उठवलं, आईला हाताला धरून बाहेर नेलं. त्यानंतर त्या घरातून वर्गणी आली नाही, कोणी आलंही नाही. बाहेरच्या फलकावर थकबाकीदारांची यादी लावलेली असते, तिच्यात वर्षानुवर्षं त्यांचं नाव सगळ्यात वर.

मंडळीच्या खजिनदारांनी साहेबांकडे वळून म्हटलं, “नियमाप्रमानं थकबाकी भरल्याबिगर कबरस्तानात जागा देता येत नाही. काय करायचं, साहेब?”

साहेबांनी कपबशी खाली ठेवली. “माझी सही होऊन गेली. आता पास्टरसाहेबाले विचारा,” म्हणाले, आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी त्या गावातला एकही माणूस नीट ओळखत नव्हतो. पण नाव मी नुकतंच वाचलं होतं. डब्यातला कागद काढला. पहिलं नाव तेच होतं. मग बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर मागे मागे उलटत गेलो. स्वातंत्र्याच्या आधीच्या पानांत तिची नोंद सापडली : मुलीचं नाव, बापाचं नाव, धंदा मजुरी, आणि शेवटच्या रकान्यात स्वीडिश पाळकाची तिरकी सही. शाई तपकिरी पडली होती, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. मी ते मोठ्याने वाचलं. “हिचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला आहे आणि हिचं नाव प्रभुभोजनाच्या यादीत आहे. साडेचार वाजता माती देऊ. खड्ड्याला माणसं पाठवा,” म्हणालो.

“प्रभुभोजनाच्या यादीत?” दुसरे सभासद म्हणाले. “साहेब जात होते तिथं? काहून सांगितलं नाही कोनी?” साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

इथे मला माझं मत मांडलंच पाहिजे. वर्गणीवर मंडळी चालते हे मला मान्य आहे. वीजबिल, छपराची डागडुजी, पाळकाचा पगार, सगळं त्यातूनच होतं. थकबाकीवरून कबरेची जागा अडवणं हा प्रकारही फक्त आमच्या मंडळीत किंवा आमच्या पंथात नाही. पण लूथरन माणसाला तरी तो करता येऊ नये. बाप्तिस्मा ही देवाने केलेली गोष्ट आहे, आपण भरलेली फी नाही. लूथर आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे विश्वासाची मूळ शिकवण समजावणाऱ्या पुस्तकात, सांगतो की पाप किंवा विवेक छळायला लागला की माणसाने म्हणावं, ‘पण माझा बाप्तिस्मा झालेला आहे.’ जे वाक्य माणूस सैतानासमोर म्हणू शकतो ते त्याला कमिटीसमोर म्हणता येत नसेल तर आम्ही प्रश्नोत्तरी पोरांकडून कशासाठी घोकून घेतो?

माती मुरमाड होती, खणणाऱ्या पोरांना वेळ लागला. उन्हं कलल्यावर पेटी आली. कबरेच्या वाटेवर तिचा मुलगा साहेबांपुढे येऊन उभा राहिला. “साहेब, तुमीच करा. मायची इच्छा होती.” साहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला माझ्याकडे आणलं. “तुझे पाळक हे आहेत. मी तुझ्यासंगं उभा राहतो.” त्यांनी झगा घातला नव्हता. साधा पांढरा सदरा. विधी होईपर्यंत ते त्या मुलाच्या बाजूला लोकांत उभे होते, गाण्यात त्यांचा आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळलेला होता. ‘मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ’ म्हणताना मी हातातली माती सोडली, नंतर घरच्यांनी, नंतर ओळीत त्यांनीही. खजिनदार आले नाहीत. त्यांची बायको आली, आणि विधी संपल्यावर तिने घागरीतून सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं.

रात्री जेवायला मी साहेबांकडेच होतो. पाळकगृहात खोकी बांधून भिंतीला लावलेली, पाळकीणबाईंनी दोनच पातेली बाहेर ठेवलेली. मुगाची खिचडी आणि पापड. मी खजिनदारांबद्दल जरा तावातावाने बोललो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दहा आज्ञांतली आठवी म्हण.”

माझं आजोळ नगरचं, लूथरन नसलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. तिथे खोट्या साक्षीची आज्ञा नववी मोजतात, आमच्यात ती आठवी. म्हटली. “आता अर्थ सांग.” लूथरने १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात प्रत्येक आज्ञेखाली ‘याचा अर्थ काय?’ असा प्रश्न आहे. आठवीच्या उत्तरात तो फक्त खोटं बोलू नको, चहाडी करू नको एवढं म्हणून थांबत नाही. शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगलं बोलावं आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा होता होईल तितका चांगला अर्थ लावावा, असं म्हणतो.

“मग खजिनदाराचा लाव,” साहेब म्हणाले. मला सुचेना, तेव्हा त्यांनीच लावला. चर्चचं छप्पर गळत होतं तेव्हा हा माणूस स्वतःची पेरणी बाजूला ठेवून दारोदार फिरला होता. विधवा बायांनी पदराच्या गाठीतून काढून दिलेले दहा-दहा रुपये त्याने वहीत मांडले. ज्याने असा पैसा गोळा केला त्याला न भरणारा माणूस टोचतो. “त्याचं चुकलं. पण तो कंजूस म्हणून नाही चुकला. त्याला त्या बायांचे दहा रुपये दिसतात. तू त्याच्याकडे जाशील तेव्हा हे मनात धरून जा, नाहीतर जाऊ नको.” पुढे म्हणाले, “मंडळी प्रवचनानं फुटत नाही, अन् प्रवचनानं जुळतही नाही. कोण कोणाच्या बोलण्याचा काय अर्थ लावतो, त्यावर सगळं आहे. त्या दिवशी माइकवर एक वाक्य गेलं. बोलणाऱ्याचा अर्थ ऐकणाऱ्यानं वाईट लावला, ऐकणाऱ्याच्या उठून जाण्याचा अर्थ आम्ही वाईट लावला. मागच्या दारानं जात राहिलो, कारण पुढच्या दारानं गेलो असतो तर पोरगा बोलला असता, कमिटी बोलली असती, अन् म्हातारीचा घास राहिला असता.”

मी विचारलं, इतकी वर्षं विश्वास टिकला कसा. सुरुवातीला ते काही बोलले नाहीत. पाळकीणबाई उठून आत गेल्या, तेव्हा म्हणाले, “मुलगी गेली तेव्हा टिकला नव्हता.”

मुलगी तापाने गेली, शाळेत जायच्या वयाची. पुढचे कितीतरी महिने त्यांना स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करता आली नाही. उपासनेच्या पुस्तकात जे छापलं आहे तेवढं ते वाचत. पापांगीकार, क्षमेची घोषणा, विश्वासाचा अंगीकार, आशीर्वाद. “मी ‘मी विश्वास धरतो’ म्हणायचो अन् आवाज माझा नसायचा. मंडळी म्हणायची, तिच्या आवाजात मी ओठ हलवायचो. लोक म्हणतात पाळक मंडळीला सांभाळतो. त्या वर्षी माझ्या वाटचा विश्वास ह्या शेतकऱ्यांनी धरला.” लूथरची मुलगी माग्दालेना १५४२ साली तेराव्या वर्षी गेली. तेव्हा त्याने मित्राला लिहिलं होतं की देवाचे आभार मानायला हवेत, पण रडल्याशिवाय आम्हा नवराबायकोला ते जमत नाही. ते पत्र साहेबांनी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा वाचलं. मग लहान प्रश्नोत्तरीतला विश्वासाच्या अंगीकाराच्या तिसऱ्या कलमाचा अर्थ त्यांनी सावकाश म्हटला : मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, किंवा त्याच्याकडे येऊ शकत नाही. “दृढीकरणाच्या वर्गात पोरं हे पाठ करतात. त्यांना वाटतं हे कच्च्या माणसासाठी लिहिलंय. मीही तसंच समजायचो. म्हणून कोणी सांगितलं, ‘पास्टर, माझा विश्वास उडाला’, तर त्याला उपदेश करू नको. त्याला रविवारी बोलव, मधल्या बाकावर बसव. बाकीचं लोक म्हणतील.”

लग्नांबद्दल त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. निदान वर्षभर ते या मंडळीत कुठलाही विधी करणार नाहीत, कोणी घरचं म्हणून बोलावलं तरी नाही. आले तर पाहुणे म्हणून येतील आणि मागच्या बाकावर बसतील. जुना पाळक सतत दिसत राहिला तर लोक नव्याकडे दुखणं घेऊन जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतः नवीन असताना ते भोगलं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण तीस वर्षं ज्या घरांत जेवण केलं त्या घरांना नाही म्हणणं सोपं नसतं.

सकाळच्या बसने ते दोघं नागपूरला मुलाकडे गेले. मी त्या आठवड्यात कागदावरच्या बाकी नावांकडे जाऊन आलो. ‘डावा कान’ म्हणजे डाव्या कानाशी बोलायचं, उजव्याने काही ऐकू येत नाही. आजीच्या घरी पुढच्या दाराने गेलो. मुलाने बसायला खुर्ची दिली, चहा दिला, चर्चला यायचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

खजिनदारांकडेही गेलो. छपराची वही बघायला मागितली. त्यांनी ती काढली आणि नावं वाचून दाखवत बसले, संध्याकाळ होईपर्यंत. थकबाकीच्या नियमावर आमचं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात, नियम काढला तर भरणारे लोक विचारतील, आम्ही वेडे होतो का? प्रश्न खोटा नाही. फलकावरची यादी अजून तिथे आहे, कारण ती माझ्या एकट्याच्या हाताने काढायची नाही असं मी ठरवलं आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय पहिला घेतला आहे, आणि तो खजिनदारांनीच मांडावा अशी विनंती मी त्यांना केली आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.